कोजागिरीला गच्चीवर वीस माणसं: आदल्या दिवशीच उरकणारा बेत

कोजागिरीचं बोलावणं फार साधं असतं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकतं, "यंदा दूध आमच्याकडे, साडेआठला गच्चीवर या." मग नुसतं दूध कसं द्यायचं म्हणून भेळ ठरते, भेळेसोबत काहीतरी गरम हवं म्हणून बटाटेवडे ठरतात, कुणी पावभाजी सुचवतं. शेवटी सगळे वर गाण्याच्या भेंड्या खेळत असतात आणि ज्यांच्या घरचा कार्यक्रम ते तळणीपुढे घाम पुसत उभे असतात.

म्हणून माझा एकच नियम आहे: रात्री आठनंतर घरात गॅसवर एकच भांडं असेल आणि ते दुधाचं. बाकी सगळं आधी झालेलं हवं आणि गार झाल्यावरही चांगलं लागणारं हवं. या चाळणीतून बटाटेवडा पहिल्या फटक्यात गळतो. तो कढईतून थेट ताटात आला तर वडा, नाहीतर तेलकट गोळा. पावभाजीला वर तवा न्यावा लागतो, पाव भाजायला एक माणूस अडकतो. चाळणीत उरतात ते पाच पदार्थ: भडंग आणि त्याचीच ओली भेळ, कोथिंबीर वडी, उकडलेल्या ओल्या शेंगा, खोबऱ्याची वडी आणि अर्थात मसाला दूध.

खालची मापं वीस माणसांची आहेत. त्यात पाचसहा मुलं धरली आहेत. वाटी म्हणजे घरातली आमटीची, साधारण 150 मिलीची. चमचा म्हणजे चहाचा. जिथे मोठा लागतो तिथे तसं लिहिलं आहे.

दोन दिवस आधी: भडंग आणि आंबटगोड चटणी

भडंगाला सांगली-कोल्हापूरकडचे जाड, टपोरे चुरमुरे मिळाले तर उत्तम. मुंबईत भेळेसाठी मिळतात ते पातळ कुरमुरे तेल पटकन पितात आणि मलूल होतात. तेच वापरणार असाल तर तेल थोडं कमी करा.

300 ग्रॅम चुरमुरे चाळून घ्या, तळाशी वाळूचे कण निघतात. ऑक्टोबरात ऊन कडक असतं, तेव्हा दुपारी दोन तास कागदावर पसरून ठेवले की काम झालं. ऊन नसेल तर कढईत मंद आचेवर थोडे थोडे परता. एक चुरमुरा दोन बोटांत दाबला की त्याचा चुरा झाला पाहिजे. तो नुसता चपटा झाला तर अजून दमट आहे आणि असल्या चुरमुऱ्यांवर फोडणी घालून उपयोग नाही.

आता फोडणी. मोठ्या पातेल्यात पाऊण वाटी तेल तापवा आणि एक वाटी शेंगदाणे मंद आचेवर तळून बाजूला काढा. मग त्याच तेलात वीसेक लसूण पाकळ्या, सालासकट ठेचलेल्या, घाला. सालं काढू नका, ती तळून कुरकुरीत होतात आणि खरी मजा त्यांचीच असते. लसूण सोनेरी होऊ लागला की धुऊन कोरडा केलेला दोनतीन डहाळ्या कढीपत्ता आणि अर्धी वाटी डाळवं घाला. कढीपत्त्याचं तडतडणं थांबलं की त्यातलं पाणी गेलं असं समजा. आता गॅस बंद करा. दोन मिनिटं थांबून मगच अर्धा चमचा हळद आणि दोन चमचे तिखट घाला. उकळत्या तेलात तिखट टाकलं की ते काळं पडतं आणि अख्खं भडंग कडसर होतं. तिखटातला एक चमचा कमी करून त्याऐवजी कांदा-लसूण मसाला घातला तर कोल्हापूरच्या अंगाने जातं.

चुरमुरे घालून दोन उलथन्यांनी खालून वर करत मिसळा आणि पातेलं पुन्हा मंद आचेवर चारपाच मिनिटं ठेवा. उतरवल्यावर दोन मोठे चमचे मेतकूट, एक मोठा चमचा पिठीसाखर, शेंगदाणे आणि मीठ घाला. मीठ चाखूनच घाला, कारण बऱ्याच चुरमुऱ्यांना मुळातच मीठ लावलेलं असतं. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका.

चटणीसाठी 100 ग्रॅम चिंच आणि 100 ग्रॅम बिनबियांचा खजूर गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. मिक्सरमधून काढून गाळा. त्यात 200 ग्रॅम गूळ, एक चमचा जिरेपूड, अर्धा चमचा सुंठ, अर्धा चमचा तिखट आणि काळं मीठ घालून दहा-बारा मिनिटं उकळा. चमच्याच्या पाठीवर थर धरला की पुरे. गार झाल्यावर ती आणखी घट्ट होते. काचेच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवा.

भडंग तसंच डिशमध्ये द्यायचं. दुसऱ्या फेरीला त्याच भडंगात बारीक कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, ही चटणी आणि वरून शेव घातली की ओली भेळ तयार. पण भेळ वीस जणांची एकदम कालवू नका. चारपाच जणांपुरती कालवा, संपली की पुढची. पाच मिनिटांत नरम पडणाऱ्या पदार्थाला दुसरा उपाय नाही. हे काम एखाद्या कॉलेजच्या पोराकडे द्यावं, ती पोरं आवडीने करतात. कांदा मात्र संध्याकाळी चिरा, सकाळी चिरलेल्या कांद्याचा वास सुटतो.

एक दिवस आधी: खोबऱ्याची वडी

काही घरांत या रात्री आश्विनी करतात, थोरल्या अपत्याला ओवाळतात. तबकात ठेवायला घरचं काही गोड असलं की बरं वाटतं. दुधाच्या जोडीला खवा-मिठाई जड होते, खोबऱ्याची वडी होत नाही.

दोन नारळांचा चव साधारण चार वाट्या निघतो. खोवताना पाठीच्या तपकिरी सालापर्यंत जाऊ नका, वड्या मळकट दिसतात. चार वाट्या चवाला अडीच ते तीन वाट्या साखर आणि अर्धी वाटी सायीसकट दूध. साखर याहून कमी केली तर वडी पडत नाही, लाडवासारखी मऊ राहते. तब्येतीसाठी साखर कमी करायची असेल तर सरळ लाडू वळा, वडीचा हट्ट सोडा.

तिन्ही एकत्र करून जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर ठेवा आणि हलवत राहा. आधी साखर विरघळून मिश्रण सैल होतं, मग बुडबुडे येतात, मग हळूहळू आळतं. पंधरा-वीस मिनिटांनी दोन खुणा दिसतात. मिश्रण उलथन्याबरोबर एकत्र फिरू लागतं, आणि कढईच्या कडेला साखरेची पांढरी, कोरडी किनार धरते. ही किनार दिसली की वेलची पूड घालून, चारपाच वेळा हलवून तूप लावलेल्या ताटात ओतायचं. वाटीच्या बुडाला तूप लावून थापा. कोमट असतानाच सुरीने रेघा मारा. पूर्ण गार झाल्यावर कापायला गेलात तर कडा तुटतात.

तासाभराने वडी ओलीच वाटली तर सगळं परत कढईत घालून आणखी आटवा. दगडासारखी झाली तर दोन चमचे दूध घालून मंद आचेवर सैल करा आणि पुन्हा थापा. या पदार्थाला दुसरी संधी मिळते, म्हणून नवशिक्यांनी बेधडक करावा.

कोजागिरीच्या दिवशी संध्याकाळी चारपर्यंत: कोथिंबीर वडी

वाफवायचं काम आदल्या रात्री केलं तरी चालतं, किंबहुना बरंच. फ्रिजमध्ये रात्रभर राहिलेली वळकटी सुरीखाली अजिबात चुरा होत नाही.

दोन मोठ्या जुड्या निवडा, कोवळ्या काड्या राहू द्या. धुऊन पंच्यावर पसरून पूर्ण कोरड्या करा आणि मगच चिरा. ओली कोथिंबीर चिरली तर ती पाणी सोडते, पीठ जास्त लागतं आणि वडी कोथिंबिरीची न राहता बेसनाची होते. आठ वाट्या चिरलेल्या कोथिंबिरीला तीन वाट्या बेसन पुरतं. कुरकुरीतपणासाठी अर्धी वाटी तांदळाचं पीठ घाला.

आधी कोथिंबिरीत आलं-लसूण-मिरचीचं वाटण दोन मोठे चमचे, हळद, एक चमचा जिरेपूड, दोन मोठे चमचे तीळ, चिमूटभर साखर, मीठ आणि दोन मोठे चमचे तेल घालून हाताने कालवा. दहा मिनिटं झाकून ठेवा. मिठाने कोथिंबिरीला पाणी सुटतं. त्यातच दोन्ही पिठं मिसळा आणि मग लागेल तसा पाण्याचा हबका मारा, बहुतेक वेळा अर्ध्या वाटीहून कमीच लागतं. गोळा भाकरीच्या पिठाहून सैल, पण हातात धरता येईल असा हवा.

तेलाच्या हाताने तीन वळकट्या करा आणि तेल लावलेल्या चाळणीत ठेवा. खालच्या पाण्याला उकळी आल्यावरच चाळणी वर ठेवायची. कुकर वापरलात तर शिट्टी काढून ठेवा. वीस मिनिटांनी सुरी खुपसून बघा, कोरडी निघाली की झालं. वळकटी हाताला गार लागेपर्यंत तिला सुरी लावू नका.

संध्याकाळी सात वाजता बोटाच्या पेराएवढ्या जाड चकत्या करा, चाळीसेक निघतात. तव्यावर दोन चमचे तेल सोडून मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी खमंग परता. आता महत्त्वाचं: परतलेल्या वड्या डब्यात एकावर एक रचू नका. स्वतःच्याच वाफेने मऊ पडतात. पापड वाळवायची जाळी किंवा पुऱ्यांची मोठी चाळणी घ्या, एका थरात पसरा आणि गार झाल्यावरच ताटात लावा. अशा वड्या रात्री दहालासुद्धा बाहेरून कुरकुरीत असतात. सोबत हिरवी चटणी असली तर छान, नसली तरी अडत नाही.

शेंगा: कष्ट जवळजवळ शून्य

खरिपाचा भुईमूग याच सुमारास निघतो, तेव्हा बाजारात ओल्या शेंगा असतात. दोन किलो आणा. मातीने भरलेल्या असतात, त्यामुळे परातीत हाताने चोळून तीनचार पाण्यांतून काढा. मोड आलेल्या, काळ्या पडलेल्या, बुरशीच्या शेंगा टाकून द्या, त्यात कंजुषी नको. कुकरमध्ये शेंगा बुडतील एवढं पाणी आणि किलोला दोन मोठे चमचे मीठ घालून तीनचार शिट्ट्या करा. मग त्याच पाण्यात किमान तासभर राहू द्या. लगेच निथळल्या तर आतला दाणा अळणी राहतो. विदर्भात असाल तर शेंगांच्या जोडीला शिंगाडे असेच उकडा.

सालं टाकायला दोन रिकामे टोप किंवा टोपल्या वर न्या, नाहीतर सकाळी गच्ची झाडण्यात तुमचा तास जातो.

मसाला दूध: इथे घाई चालत नाही

दूध आधीच सांगून ठेवा. कोजागिरीला दुधाची मागणी एवढी वाढते की पुण्यात गणेश पेठेतल्या दूधभट्टीवर भाव चढतो, आणि पिशवीचं दूधसुद्धा संध्याकाळी दुकानात मिळेलच असं नाही. चार लिटर घ्या, म्हशीचं किंवा फुल क्रीमचं. फुल क्रीम दुधात 6 टक्के स्निग्धांश असतो, टोन्ड दुधात 3 टक्के. टोन्ड कितीही आटवलं तरी त्याला ती मलईदार चव येत नाही.

मसाला सकाळीच करून ठेवा: 40 बदाम, 40 बिनमिठाचे पिस्ते, 20 काजू, 18-20 वेलच्या, पाव जायफळ. सुकामेवा तासभर फ्रीजरमध्ये ठेवून मग दोन चमचे साखरेसोबत मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. एकसलग फिरवलात तर तेल सुटून गोळा होतो. पूड जाडसर, रव्यासारखी हवी. वेलची सालं काढून, जायफळ किसून घाला. जायफळाचा मोह आवरा. अर्धं पडलं की दूध कडवट लागतं आणि मग साखर ओतूनही झाकत नाही. केशराच्या वीस-पंचवीस काड्या कोमट तव्यावर क्षणभर ठेवून चुरडा आणि दोन चमचे गरम दुधात भिजवा. रंग असा जास्त सुटतो.

आटवायला साडेसहाला घ्या. जाड बुडाचं पातेलं आधी पाण्याने विसळा आणि ते पाणी न पुसता दूध ओता. बुडाशी लागायचं प्रमाण कमी होतं. दूध दोन वेगवेगळ्या ठिकाणचं असेल तर एकत्र करण्यापूर्वी प्रत्येकाचं डावभर उकळून बघा. शिळं एक लिटर चांगल्या तिघांना नासवतं.

उकळी आली की आच मध्यमहून कमी करा. लाकडी डाव पातेल्यात उभा धरून दांड्यावर दुधाची पातळी कुठे येते ते बघून ठेवा. ती चौथ्या हिश्शाने खाली आली की थांबायचं, म्हणजे चार लिटरचं तीन. याहून आटवलं की ती बासुंदी होते आणि ग्लासभर पिववत नाही. यात पाऊण ते एक तास जातो. दर तीनचार मिनिटांनी तळापासून हलवा, कडेला चिकटलेली साय खरवडून आत ढकला. खाली लागल्याचा वास आलाच तर तळ खरवडू नका. वरचं दूध अलगद दुसऱ्या पातेल्यात ओता आणि जुनं भांडं भिजत टाका.

मधुमेह असलेल्यांसाठी चारपाच ग्लास दूध साखर घालण्यापूर्वीच वेगळं काढा आणि पातेल्याला खूण करा. उरलेल्यात साधारण 250 ग्रॅम साखर घाला. गूळ घालायचा विचार असेल तर सोडा, उकळत्या दुधात गूळ पडला की ते फाटू शकतं. मसाला, केशर आणि दोन चमचे चारोळी शेवटच्या दहा मिनिटांत घाला. आधी घातली तर सुक्या मेव्याची पूड तळाशी बसून करपते. कुणाला सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे का, हे ग्रुपवर आधीच विचारून ठेवा, लहान मुलांच्या बाबतीत तर नक्कीच. त्यांच्यापुरतं नुसतं वेलचीचं दूध बाजूला काढायचं.

गार दूध आवडत असेल तर साखर जरा जास्त ठेवा, थंड झाल्यावर गोडी कमी लागते. मसाला घातलेलं दूध तासन् तास तसंच बाहेर ठेवू नका. ऑक्टोबरचा उकाडा असतो, दोन तासांच्या आत एकतर फ्रिजमध्ये किंवा पुन्हा गॅसवर. मी ते घरातच मंद आचेवर गरम ठेवते आणि साडेअकराला वर नेते.

साडेअकराच का? पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, त्यामुळे आठ-नऊला तो शेजारच्या इमारतीआड असतो. मध्यरात्रीच्या आसपास तो डोक्यावर येतो आणि तेव्हाच पातेल्यात त्याचं प्रतिबिंब पडतं. गच्चीवरचा दिवा बंद करायला विसरू नका. त्या दिव्याला येणारे किडे थेट दुधात पडतात, म्हणून प्रतिबिंब दाखवून झालं की पातेल्यावर पातळ मलमलचं फडकं टाका.

खारट-तिखट आणि दूध एकत्र खाऊ नये असं घरातली मोठी माणसं म्हणतात. या वेळापत्रकात तो वाद उरत नाही. साडेआठला शेंगा आणि भडंग, साडेनऊला वड्या आणि ओली भेळ, मग भेंड्या-पत्ते, आणि दूध दोन तासांनी.

परदेशात असाल तर

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये मंडळी बहुतेक जवळच्या शनिवारी जमतात. तिथलं होल मिल्क आपल्या फुल क्रीमपेक्षा पातळ असतं, तेव्हा तीन भाग दुधात एक भाग हाफ-अँड-हाफ (निम्मं दूध, निम्मं क्रीम) किंवा थोडं क्रीम घाला, आटवायचा वेळ निम्मा होतो. वडीसाठी भारतीय दुकानातला गोठवलेला खवलेला नारळ चालतो, फक्त पूर्ण वितळवून पाणी पिळून काढा. ओल्या शेंगा हंगामात आशियाई दुकानांत कधीकधी दिसतात. नाही मिळाल्या तर सालासकट कच्च्या वाळलेल्या शेंगा रात्रभर भिजवून उकडा, शिट्ट्या दुप्पट लागतात. ऑक्टोबरात तिथे रात्री थंडी असते, म्हणून दूध मोठ्या थर्मासात भरून बाहेर न्या.

उरलं तर

भडंग आठवडाभर टिकतं, खोबऱ्याच्या वड्या फ्रिजमध्ये पाचसहा दिवस. कोथिंबिरीची एक वळकटी मुद्दाम न कापता ठेवली तर दुसऱ्या दिवशी मुलांच्या डब्याची सोय होते. दूध उरलंच, तर रात्रीच एक उकळी देऊन फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी आणखी निम्मं आटवा आणि कुल्फीच्या साच्यात किंवा साध्या स्टीलच्या पेल्यांत ओतून फ्रीजरमध्ये घाला. मसाला आधीच पडलेला असतो, वेगळं काही घालावं लागत नाही.